उसना गळा

१

कॅल्हून थिएटरच्या मागच्या लोखंडी जिन्याखाली टेसी कॉडिल मरून पडलेली सापडली, तेव्हा पुढे रंगमंचावर टाळ्यांचा कडकडाट चालला होता. टाळ्या खोट्या होत्या. शूटिंगसाठी जमवलेले तीनेकशे लोक दिग्दर्शकाच्या इशाऱ्यावर पुन्हा पुन्हा त्या वाजवत होते. किंकाळी मात्र खरी होती, आणि ती कपडेपट सांभाळणाऱ्या वर्लीन टॉलिव्हरची होती.

नॅशव्हिल पोलिसांची डिटेक्टिव्ह ओडेसा पेटिग्रू येऊन पोचली तेव्हा ऑगस्टचं ऊन उतरायला लागलं होतं, पण थिएटरच्या मागचा बोळ अजून तव्यासारखा तापलेला होता. गुडघा सांभाळत ती खाली वाकली. मेलेली बाई पस्तिशीच्या आतबाहेरची, काटकुळी, साध्या जीन्समधली. डोक्याला मागून मार लागलेला.

"पाय घसरला असणार," दारावरचा पहारेकरी म्हणाला. "हा जिना मेला आहेच तसा."

ओडेसानं टेसीची बाही जरा वर सरकवली. दंडावर बोटांचे वळ उठले होते. तिनं दुसरी बाही सरकवली. तिथंही तेच.

"जिना काही कुणाचे दंड धरत नाही," ती म्हणाली. "ही इथं काय काम करायची?"

पहारेकरी म्हणाला, कपडेपटात असावी. रंगभूषेचा माणूस म्हणाला, नाही, संगीतवाल्यांची कोणीतरी. वर्लीन तोंडाला रुमाल लावून रडत होती. तिनं मान फिरवली. ओडेसाच्या मनात पहिली पाल तिथंच चुकचुकली. मेलेल्या माणसाचं काम सांगताना चार माणसं अडखळत असतील, तर ते काम साधं नसतं.

तेवढ्यात एक उंच म्हातारा गर्दीतून पुढं आला. त्यानं डोक्यावरची हॅट काढली आणि छातीशी धरली.

"मी हॉलिस मॅक्रोरी. इथलं संगीत मी बघतो," तो म्हणाला. "बाई, ही लोरेन प्रुइट आहे."

ओडेसानं चमकून वर पाहिलं. लोरेन प्रुइट कोण, हे टेनेसीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. 'कंबरलँडच्या काठी' या टीव्ही मालिकेतली ती नायिका, डोंगरातून नॅशव्हिलला येऊन गावरान कंट्री संगीताची राणी झालेली. खुद्द ओडेसाच्या म्हाताऱ्या आईनं येशूच्या तसबिरीशेजारी तिचा फोटो लावला होता. पण तो फोटो होता मॅरिस ॲडलर या नटीचा. आणि मॅरिस ॲडलर तर जिवंत होती, पुढे थिएटरात तीनशे लोकांच्या घोळक्यात.

"तो चेहरा झाला बाई," हॉलिस म्हणाला. "आवाज इथं पडलाय."

२

हॉलिसच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एका कोपऱ्यात त्याची स्टील गिटार होती आणि समोर जाड काच. काचेपलीकडे गायिकेची लहानशी खोली होती; तिचं दार मागच्या जिन्याकडे उघडत होतं. काचेवर आतून काळा पडदा ओढलेला होता.

"सहा वर्षं," हॉलिस म्हणाला. "लोरेनचं एकूण एक गाणं टेसीनं गायलंय. मॅरिस फक्त ओठ हलवते."

"आणि हे लपवायचं कशाला? सिनेमात काय, एक नाचतो आणि दुसरा गातो."

"इतर गाण्यांत चालतं हो. कंट्रीत नाही चालत. इथला ऐकणारा म्हणतो, जिनं भोगलं तिनंच गायला पाहिजे. मॅरिसला गाण्याचा मानाचा पुरस्कार मिळाला, तो घेताना ती व्यासपीठावर रडली. कसं सांगणार मग? टेसी मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची. गाताना पडदा ओढायची."

"तुमच्यापासूनही?"

"पहिल्या दिवसापासून. लाजाळू होती. केंटकीच्या डोंगरातली पोर, देवळात गाऊन मोठी झालेली. म्हणायची, हॉलिसदादा, माझ्याकडे कुणी बघितलं की माझा सूर चोरला जातो. मी इथून माइकवर बोलायचो, ती तिथून बोलायची. आधी अर्धा तास गावाकडच्या गप्पा, मग गाणं."

"आज?"

हॉलिसनं चेहऱ्यावरून हात फिरवला. "आज जेवणाच्या सुट्टीतच मुद्रण होतं. मालिकेचा शेवटचा भाग आहे ना, लोरेननं कधीकाळी घर सोडलं त्या आठवणीचं गाणं. मी विचारलं, टेसी, तयार का? तर बोललीच नाही. तिनं नुसतं माइकवर दोनदा टकटक केलं. मला वाटलं, रुसलीय माझ्यावर. दुसरं कडवं जरा सावकाश घे म्हटलं, तर घेतलं. आणि बाई, काय गायली! मी पन्नास वर्षं या धंद्यात आहे. अंगावर काटा आला. मी 'शाब्बास पोरी' म्हणेपर्यंत दार वाजलं आणि ती गेली."

"त्यानंतर ती कुणाला दिसली?"

"मेलेलीच."

"आणि तुम्ही?"

"मी इथंच होतो. एकटा. गाणं सजवून वर रंगमंचावर वाजवायला पाठवलं." तो थांबला. मग स्वतःच म्हणाला, "साक्षीदार नाही मला. ठाऊक आहे."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ओडेसानं आयुष्यात इतक्या रडणाऱ्या खुन्यांना रुमाल दिले होते की पाण्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. सरळ हिशेब असा होता: मुद्रण होईपर्यंत टेसी जिवंत, म्हणजे खून त्यानंतरचा. त्यानंतर ज्यांचा ठावठिकाणा कुणी सांगू शकत नव्हतं, त्यातला पहिला माणूस तिच्यासमोरच बसला होता.

३

मॅरिस ॲडलरनं लोरेनचा सोनेरी केसांचा टोप काढून टेबलावर ठेवला होता. टोपाशिवाय ती अगदी वेगळी दिसत होती: आखूड तपकिरी केस, थकलेला चेहरा, बोलण्यात डोंगरी हेल अजिबात नाही. ती ओहायोतल्या एका दंतवैद्याची मुलगी होती.

"मला कुणीतरी अर्धं कापून नेल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "लोक टेसीसाठी रडतील, मी माझ्यासाठीही रडणार आहे. माझा गळाच गेला, डिटेक्टिव्ह. शनिवारी शेवटच्या भागाचा शेवट इथून थेट दाखवणार आहेत, खऱ्या प्रेक्षकांसमोर. मी काय करू आता? उभी राहून बेडकासारखी ओरडू?"

"शनिवारी टेसी काय करणार होती?"

मॅरिसनं डोळे पुसले. "तुम्हाला कळलंय वाटतं. ती लोकांसमोर येणार होती. मी म्हटलं, ये बाई. सहा वर्षं तुझं श्रेय मी खाल्लं. मला हलकंच वाटलं असतं."

"आज तिच्याशी भेट?"

"नाही. महत्त्वाचं दृश्य असलं की मी जेवणाच्या सुट्टीत दार लावून पडते. सगळ्यांना माहीत आहे. उठले ती थेट रंगमंचावर. किंकाळी ऐकू आली तोवर तिथून हलले नाही."

हे खरं होतं. तीनशे माणसं सांगत होती. ओडेसाला वाटलं, हिच्याइतके भक्कम साक्षीदार कुणाकडेच नाहीत. आणि हिच्याइतकं नुकसानही कुणाचं नाही. मग आपल्याला इथं अस्वस्थ का वाटतंय? कदाचित आईच्या खोलीतला फोटो असा टोप काढून बसलेला बघवत नसेल, एवढंच.

बाहेर कपडेपटात वर्लीन लोरेनचा चंदेरी झगा कारण नसताना इस्त्री करत होती. शेजारच्या टेबलावर एक झाकलेली ताटली होती.

"ती टेसीची," वर्लीन म्हणाली. "फेकवत नाही मला. तळलेलं कोंबडं, घेवडा, मक्याची भाकरी. गाण्याआधी ती घासभरही खायची नाही. म्हणायची, भरल्या पोटी वरचा सूर लागत नाही. पण गाऊन झालं की राक्षसासारखी भूक. धावत यायची इथं. 'मावशी, आधी ताटली, मग गप्पा.' सहा वर्षांत एकदा चुकली नाही."

"आज आली नाही?"

"नाही ना. मी वाट बघत राहिले. मला वाटलं, हॉलिसशी बोलत बसली असेल." इस्त्री थांबली. वर्लीननं दाराकडे बघून आवाज उतरवला. "बाई, एक सांगू? माझी नोकरी जाईल. मी शोधायला गेले तेव्हा मागच्या जिन्याकडून एक माणूस येताना दिसला. तोंड लालबुंद. मला बघून दुसऱ्या दारानं सटकला."

"कोण?"

"ग्रॅहम लाथ्रप. लोरेनला ज्यानं जन्माला घातलं तो. आमचा लेखक."

४

ग्रॅहम लाथ्रप खिडकीत पाठमोरा उभा होता. विझलेली सिगारेट बोटांत तशीच होती.

"वर्लीननं सांगितलं ना?" तो न वळता म्हणाला. "हो, मी मागच्या जिन्याकडे गेलो होतो. टेसीला शोधत. जिन्याखाली अंधार असतो, मला तिथं काही दिसलं नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा."

"शोधत कशाला होतात?"

"झापायला." तो वळला. "सकाळी आमचं भांडण झालं. दाराबाहेर आरडाओरडा ऐकला असेल सगळ्यांनी. हो, तिनं शनिवारी पुढं यावं असं मलाही वाटत होतं. त्यावरून नाही भांडलो. भांडलो एका ओळीवरून. गाण्याच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'चालले मी आई, आता दार लावून घे.' टेसी म्हणाली, मी हे गाणार नाही. म्हटलं, का? तर म्हणाली, 'ग्रॅहम, तू शहरातला. आमच्याकडची कुठलीही पोर घर सोडताना आईला दार लावायला सांगत नाही. मी सांगितलं नव्हतं.' तासभर हुज्जत घातली. पार मेज आपटलं तिनं. शेवटी मी हरलो. ओळ बदलली. 'चालले मी आई, दार उघडं राहू दे.' खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा तिचीच चांगली होती."

"मग झापायचं कारण?"

"कारण दुपारी रंगमंचावर गाणं वाजलं, आणि शेवटी काय ऐकू आलं? 'दार लावून घे'! माझी जुनी ओळ! सकाळी मला नाक घासायला लावलं आणि दुपारी तीच बया माझीच ओळ गाऊन मोकळी. म्हटलं, ही काय थट्टा लावलीय? डोकंच फिरलं माझं."

ओडेसा हळूच खुर्चीत बसली.

"ओळ बदलल्याचं कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला आणि तिला. हॉलिसला तीच सांगणार होती, मुद्रणाच्या आधी."

"मॅरिसला?"

"तिला काय करायचंय? गाण्याचा जुना कागद आणि चाल तेवढी तिच्याकडे होती, सरावाला. ती तयार गाण्यावर ओठ हलवते." ग्रॅहम कडवट हसला. "आणि गंमत बघा, आज ओठ असे जुळले की विचारू नका. एरवी कुठंतरी केसभर मागंपुढं होतंच. आज तिचे ओठ आधी आणि आवाज मागून यावा असं वाटत होतं. टाळ्या वाजवायला आणलेली माणसं खरंच रडली हो."

ओडेसानं वही काढली आणि दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून घेतल्या.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हॉलिसकडून ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. स्वतः ती रविवारी देवळाच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गात असे. सूर कशाशी खातात हे तिला कळत होतं. आवाज टेसीचाच वाटत होता. तोच किंचित खरखरीत काठ, तोच शब्दाच्या शेवटी अडखळून सुटणारा सूर. आणि शेवटची लांबलचक ओळ: 'चालले मी आई, आता दार लावून घे.'

"ही ओळ बदलली होती, हे टेसीनं तुम्हाला सांगितलं?"

"बदलली होती?" हॉलिस गोंधळला. "नाही बाई. सांगितलं ना, काल ती बोललीच नाही."

ओडेसा काळ्या पडद्याकडे बघत बसली. ज्या बाईनं एका ओळीसाठी तासभर भांडण केलं, जिंकलं, ती दोन-तीन तासांत हरलेली ओळ गाईल? जी अर्धा तास गप्पा मारल्याशिवाय गात नाही, ती एक शब्द बोलणार नाही? जी गाऊन झाल्यावर ताटलीवर तुटून पडते, तिला काल भूकच लागली नाही?

बाईचं वागणं बदललं नव्हतं. बाईच बदलली होती.

"हॉलिस, कुणी जुनं मुद्रण तिथं बसून वाजवलं असेल, असं होऊ शकेल?"

"छे! मी सावकाश घे म्हटलं, तिनं घेतलं. आतमध्ये जिवंत माणूस होतं."

"टेसीच होती? शपथेवर सांगाल?"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे काय? दुसरी कोण असणार? टेसीचा असा आवाज कुणाला काढता येईल? त्यासाठी तिचा एकेक श्वास पाठ पाहिजे. कुठं ओठ मुडपते, कुठं जीभ लावते, कुठं थांबते..."

तो बोलतच राहिला. त्याच्या काही ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आलं ते ओडेसाच्या. टेसीचा एकेक श्वास पाठ करणं हेच जिचं सहा वर्षांचं काम होतं, अशी एक बाई या थिएटरात होती. तिला ओळ बदलल्याचं ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती दार लावून पडलेली असे, निदान दार तरी लावलेलं असे. आणि टेसी जर मुद्रणाच्या आधीच मेलेली असेल, तर नंतरच्या तीनशे साक्षीदारांची किंमत शून्य होती.

पण हाती काय होतं? एक जुनी ओळ, एक झाकलेली ताटली आणि दोनदा केलेली टकटक. एवढ्यावर कुठलाही वकील तिला हसून बाहेर काढेल. 'माझ्या अशिलाला गाता येत नाही' म्हटलं की संपलं. तिला गाता येतं, हे सिद्ध कोण करणार?

एकच माणूस करू शकत होता: ती स्वतः.

"हॉलिस," ओडेसा म्हणाली, "दुपारी रंगमंचावर या. टेसीच्या शेवटच्या गाण्याबद्दल तुम्हाला मनापासून जे वाटतं, ते सगळं बोला. काही राखून ठेवू नका."

६

दुपारी रिकाम्या थिएटरात पुढच्या रांगेत चार-पाच माणसं बसली होती. बाहेर दालनात वार्ताहर जमले होते. ग्रॅहम ओडेसानं सांगितल्याप्रमाणं बोलत होता.

"मालिका टेसीला अर्पण करायची. शेवटचं गाणं तिच्या नावानं. मॅरिस, बाहेर जाऊन तूच सांग, आवाज तिचा होता. हे तिचं शेवटचं गाणं होतं, असं."

"हो," मॅरिस म्हणाली. काळे कपडे, काळा चष्मा. "तेच योग्य आहे."

"नुसतं शेवटचं नाही," हॉलिस मागून म्हणाला. तो उभा राहिला होता, हॅट हातात. "सगळ्यात सुंदर, असं सांग पोरी. मी सहा वर्षं टेसीचं गाणं ऐकलं. चांगली गायची, पण कुठंतरी भीत भीत. काल तिची भीड मेली होती. मरणाची चाहूल लागली असेल बिचारीला. असं गाणं आयुष्यात एकदाच होतं. आणि तेही टेसीसारखीलाच. शिकून येत नाही ते, रक्तात असावं लागतं. डोंगरात जन्मावं लागतं."

मॅरिसनं हातमोज्याचं बोट ओढलं.

"ती शेवटची ओळ!" हॉलिसचा आवाज भरून आला. "एका श्वासात! टेसीचा दम किती हे मला ठाऊक. पण काल कुठून आणला तिनं..."

"तिला पुरायचा नाही तो," मॅरिस म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"म्हणजे?" ओडेसानं शांतपणे विचारलं.

"म्हणजे तिची छाती कमकुवत होती. अशा लांब ओळीत ती नेहमी मधेच श्वास चोरायची. नेहमी! मला त्याच्यावर ओठ जुळवावे लागायचे, मला नाही माहीत?"

"पण काल नाही चोरला. गाण्यात तसा श्वास नाही. आम्ही ऐकलंय. मग काल टेसीनं कसं जमवलं?"

"मला काय ठाऊक!"

"हॉलिस म्हणतो, शिकून येत नाही."

"हॉलिसला काय कळतं!" काळा चष्मा खाली पडला. "हॉलिसला दोन बायकांमधला फरक कळला नाही! पन्नास वर्षं म्हणे या धंद्यात! मी सहा वर्षं शिकले. रोज. गाडीत काचा वर करून, उशीत तोंड खुपसून. एक माणूस म्हणाला नाही की मॅरिस, जरा गाऊन दाखव. एकही माणूस! आणि आता हे पण तिचं? हे पण तिच्याच नावावर?"

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. पण कळूनही ती थांबली नाही. सहा वर्षं तुंबलेलं पाणी होतं ते.

"जिन्यावर मी तिला म्हटलं, शनिवारी तू गा, पण एक गाणं मला गाऊ दे. माझ्या आवाजात. ऐकून तरी बघ. ती हसली. वाईट नाही हसली; लहान पोराला हसतात तशी. म्हणाली, 'अगं, तू ओठ किती छान हलवतेस! कशाला या भानगडीत पडतेस?' मी तिचे दंड धरले. हलवलं. ऐकून तर घे म्हटलं. आणि मग ती हातात नव्हती."

"नंतर?" ओडेसा म्हणाली.

"नंतर खाली गायिकेच्या खोलीच्या उघड्या दारातून हॉलिसचा आवाज आला. 'टेसी, तयार का?'" मॅरिसनं त्याच्याकडे पाहिलं. "सहा वर्षांत माझ्या तोंडासमोर पहिल्यांदा कुणीतरी माइक उघडला होता. मी आत गेले आणि पडदा ओढला."

वर्लीन रडत होती. हॉलिसचं तोंड राखेसारखं झालं होतं. तो मॅरिससमोर येऊन उभा राहिला.

"गा," तो म्हणाला.

"हॉलिस," ग्रॅहम पुटपुटला, "काय हे..."

"गा म्हणतो ना. मला कळू दे मी काल कुणाला शाब्बास म्हटलं."

मॅरिस उभी राहिली. वाद्य नव्हतं, दिवे नव्हते. तिनं ती शेवटची ओळ एका श्वासात गायली. आवाज सज्ज्यापर्यंत गेला आणि तिथून हळूहळू खाली आला. वर दिवे बसवणारी माणसं हातातलं काम टाकून वाकून बघायला लागली.

हॉलिसनं हॅट डोक्यावर घातली आणि मागं न बघता चालता झाला.

७

पुढच्या वसंतात खटला उभा राहिला. मॅरिसचा वकील शहरातला सगळ्यात हुशार होता. थिएटरातला कबुलीजबाब म्हणजे मैत्रिणीच्या मरणानं हादरलेल्या नटीचं बरळणं, असं त्यानं सांगितलं. तिथं गायली म्हणता? एक ओळ. एक ओळ कुणीही गाईल. मुख्य प्रश्न एकच, मुद्रणातला आवाज कुणाचा? टेसीचा असेल तर मुद्रणापर्यंत टेसी जिवंत होती, आणि त्यानंतर तर त्याची अशील तीनशे लोकांसमोर होती, म्हणजे निर्दोष. त्यानं हॉलिसला पिंजऱ्यात उभं केलं.

"मुद्रणाच्या वेळी तुम्हाला काय वाटलं, आत कोण आहे?"

"टेसी."

"एक क्षणभर तरी शंका आली?"

"नाही," हॉलिस खाली बघत म्हणाला.

मागच्या बाकावर बसलेल्या ओडेसानं डोळे मिटले. खटला हातातून निसटत होता. मॅरिसनं फक्त गप्प बसायचं होतं, दुसरं काही नाही.

वकिलानं गाणं वाजवायला सांगितलं. ज्यूरीतल्या बारा माणसांनी ते ऐकलं. गाणं संपलं तेव्हा एक पांढऱ्या केसांची बाई डोळे पुसत होती आणि एक शेतकरी खिडकीबाहेर बघत होता.

"बघा," वकील हळुवारपणे म्हणाला, "हे गाणं डोंगरात जन्मलेल्या, देवळात वाढलेल्या टेसी कॉडिलशिवाय कोण गाऊ शकेल? माझी अशील बिचारी एक नटी आहे. तिला सुरातलं ओ की ठो कळत नाही..."

"खोटं आहे," मॅरिस म्हणाली.

वकिलानं तिचा हात दाबला. तिनं तो झिडकारला आणि उभी राहिली. न्यायाधीशांनी हातोडा आपटला. वकील खाली बसा, खाली बसा म्हणत राहिला.

"तो आवाज माझा आहे," ती ज्यूरीकडे बघून म्हणाली. "पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. लिहून घ्या. माझा आहे."

त्यानंतर न्यायालयाला फारसं काही करायचं उरलं नाही.

तिला बाहेर नेताना दाराशी ओडेसा उभी होती. मॅरिस थांबली. बेड्या घातलेले हात पुढं धरून, पहिल्यांदाच स्टेजवरून उतरलेल्या मुलीनं विचारावं तसं तिनं विचारलं,

"डिटेक्टिव्ह, तुम्ही देवळात गाता म्हणे. खरं सांगा, कसं झालं होतं?"

ओडेसाला उत्तर ठाऊक होतं. तिनं ते दिलं नाही.